सहीच्या वरचा मजकूर

॥ श्री ॥

द्वारका, नवी दिल्ली
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय पद्माकर यास काकासाहेबाचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. वीणावहिनी गेल्या त्याला आठ महिने होऊन गेले आणि मी आज तुला दोन ओळी लिहायला बसलो आहे. त्या वेळी कौस्तुभने तुला फोन केला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. बोलता का, असं त्याने खुणेने विचारलं. मी हातानेच नको म्हटलं. बाबांना ताप आहे, झोपलेत, असं त्याने तुला सांगितलं. ताप नव्हता.

माझं अक्षर तुला ठाऊक आहे. चौथीनंतर मी शाळा सोडली ती सोडलीच, आणि पुढे दुकानात पन्नास वर्षं लिहिण्याचं सगळं काम तू दिवाणजी म्हणून केलंस. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नकोस. तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? झालं नसेल तर भिंगाने वाच. वेळ लागला तरी चालेल, पण हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

इकडे सगळे बरे आहेत. कौस्तुभ गुरगावला ऑफिसला जातो, सुकन्या घरातूनच लॅपटॉपवर काम करते, नातू अर्णव सहावीत गेला. दिवाळीपासून इथे सूर्य नीट दिसलेला नाही. सगळीकडे धूर. माझ्या खोलीत हवा साफ करायचं यंत्र ठेवलं आहे, त्यावर लाल दिवा लागला की मला जास्तच खोकला येतो. सुकन्या म्हणते, बाबा, दिव्याकडे बघू नका. पण दिवा समोर असला की माणूस बघणारच.

सोसायटीत मला 'एमपी अंकल' म्हणतात. गेटवरचा वॉचमन अजून सलाम ठोकतो. परवा म्हणाला, पाण्याचा टँकर दोन दिवस आला नाही, सर, आप ऊपर बोल दो ना. मी म्हटलं, बोलतो. वर म्हणजे कुणाला बोलायचं, ते मला खासदार असतानाही कधी कळलं नव्हतं.

गोदामाच्या पत्र्याला यंदा डांबर लावलंस का? ईशान्येच्या कोपऱ्यात गळतं. हळदीच्या पोत्यांखाली फळ्या घातल्यास का? मोठ्या काट्याची तपासणी कधी आहे? तू हे सगळं माझ्या आधीच केलं असशील, तरी विचारल्याशिवाय चैन पडत नाही. तुझ्या पाठीचं काय? बाजारात अजून पायीच जातोस का? रिक्षा करत जा.

पद्माकर, निहारच्या खटल्यात ९ डिसेंबरला माझी साक्ष आहे. समन्स आलं आहे.

तुझ्या घरात हे नाव कुणी काढायचं नाही, असं तू सांगून ठेवलं आहेस हे मला माहीत आहे. तरी मला ते काढावं लागणार. पण एकदम जमत नाही. थोडं मागून येऊ दे.

माझं खासदार होणं हा तुझ्या-माझ्या घरातला केवढा मोठा सण होता, ते आठव. आधीचे खासदार वारले, पक्षात दोन गट, दोघांनाही एकमेकांचा माणूस नको. मग कुणीतरी म्हणालं, हळदीचे शेटे घ्या, त्यांचं कुणाशी वाकडं नाही. चौदा महिन्यांचा तर प्रश्न. अर्ज तू भरलास, मी सही केली. निकालाच्या दिवशी मार्केट यार्डात सगळ्यांनी मला हळदीने माखलं आणि तू बाजूला उभा राहून चष्मा पुसत होतास. मग म्हणालास, काकासाहेब, दिल्लीत तुम्हाला वाचून दाखवायला आपलं कुणीतरी पाहिजे. आणि निहारला माझ्याबरोबर दिलंस. एकुलता एक मुलगा, बी.कॉम. झालेला, बँकेच्या परीक्षा देत होता, त्या सोडायला लावल्यास. गाडी सुटताना वहिनींनी डब्याच्या खिडकीतून मला म्हटलं होतं, तो भुकेचं सांगत नाही, तुम्हीच विचारत जा.

मी विचारत असे. एवढं मात्र खरं.

दिल्लीत मला कुणी वाईट वागवलं नाही. कुणी वागवलंच नाही. सभागृहात अगदी मागच्या रांगेत, खांबाजवळ जागा. कानाला यंत्र लावून बसायचं, मत द्यायची वेळ आली की पुढच्याकडे बघून बटण दाबायचं. चौदा महिन्यांत मी एकदा बोललो. हळदीच्या निर्यातीवर. निहारने मोठ्या अक्षरात दोन पानं लिहून दिली होती, आठ दिवस पाठ करून घेतली होती. दुसऱ्या पानावर आलो आणि वेळ संपली म्हणून माईक बंद झाला. मी तरी उभाच होतो. शेजारचे बिहारचे गृहस्थ कोट ओढून म्हणाले, बैठ जाइए चाचा. तू टीव्हीवर ते बघितलंस आणि फोन करून म्हणालास, फार छान झालं. तू मला उभ्या जन्मात तेवढीच एक थाप मारलीस.

सकाळी क्वार्टरवर माणसं यायची. रेल्वेचं रिझर्व्हेशन, मोठ्या सरकारी दवाखान्यातली तारीख, मुलाची शाळा. प्रत्येकाला लेटरहेडवर पत्र पाहिजे. मी काय केलं असेल ते तुला सांगायला नको. दुकानात सौदे सुरू व्हायच्या आधी मी पट्टीपुस्तकावर वीस-पंचवीस सह्या करून ठेवायचो आणि दुपारी तू शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्यांवर वजन आणि भाव भरायचास. पन्नास वर्षांत एका पट्टीवर भांडण झालं नाही. इथेही मी तेच केलं. दर सोमवारी पन्नास कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून निहारकडे द्यायचो. त्याने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, काका, असं करू नये, आधी मजकूर छापू, मग सही. मी हसलो. म्हटलं, तुझा बाप भरायचा, आता तू भर.

सुकन्याची मीटिंग संपली. जेवायला बोलावते आहे. उद्या लिहितो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

काल लिहिलेलं सकाळी वाचलं. फाडावंसं वाटलं. मग पेनात नवी रिफिल घातली.

मागच्या गुरुवारी मी गाझियाबादला जाऊन आलो. घरी सांगितलं, सेक्टरातल्या देवळात जातो. मेट्रोत बसलो तो शेवटच्या स्टेशनपर्यंत, वैशालीपर्यंत. दीड तास बसून पाय सुजले. पत्ता समन्सच्या कागदावर होता. पुढे ऑटोवाल्याने तीनदा चुकवलं. तिसरा मजला, जिन्याला कठडा नाही. वर जाऊन दार वाजवलं आणि निहारने उघडलं.

पद्माकर, मी त्याला लगेच ओळखलं नाही. एकतीस वर्षांचा मुलगा, कानांवर पांढरं आलं आहे. मला बघून म्हणाला, "या काका. एवढा जिना का चढलात? मला खाली बोलवायचं."

एक खोली. एक कॉट, एक शेगडी, कपड्यांची दोरी. कुरियरच्या गोदामात खोकी बांधायचं काम करतो, दुपारी दोनला जातो. जामीन झाला तरी कोर्टाच्या परवानगीशिवाय दिल्ली-गाझियाबाद सोडून जाता येत नाही. त्याने चहा ठेवला. माझ्या चहात साखर घातली नाही. पावणेदोन वर्षांनीही त्याच्या लक्षात होतं.

मी साक्षीचं काढलं. तो म्हणाला, वकिलांनी सांगितलंय. मला वाटलं होतं तो ओरडेल, निदान दार दाखवेल. ती तयारी करून मी गेलो होतो. चहा अर्धा झाल्यावर त्याने विचारलं,

"काका, आईला अग्नी कुणी दिला?"

मी म्हटलं, दिनकरने, तुझ्या चुलत्याच्या मुलाने.

"बाबांनी नाही?"

"बाबांना उभं राहवत नव्हतं, असं कौस्तुभ सांगत होता."

त्याने मान हलवली. त्याला वहिनी गेल्याचं चौथ्या दिवशी कळलं. मार्केटातल्या कुणीतरी मोबाइलवर फोटो लावला होता, हार घातलेला. त्याने दिनकरला फोन केला, कोर्टाची परवानगी काढतो, दहाव्याला येतो म्हणून. दिनकर तुला विचारायला आत गेला आणि परत येऊन म्हणाला, काका म्हणतात, येऊ नकोस. मग निहार स्टेशनजवळच्या न्हाव्याकडे गेला आणि पूर्ण डोकं काढायला सांगितलं. मार्चचे दिवस होते. न्हाव्याने विचारलं, गर्मी के लिए? हा म्हणाला, हां.

हे मला सांगताना तो कपबशी विसळत होता.

मग म्हणाला, "जेलमधून सुटलो त्या दिवशी मी बाबांना फोन केला होता. म्हटलं, पत्र काकांनीच सांगितलं होतं. बाबा म्हणाले, काकासाहेब खोटं बोलत नाहीत. आणि ठेवून दिला." मग म्हणाला, "त्यांचं तरी काय चुकलं. पन्नास वर्षं बघितलंय त्यांनी तुम्हाला."

पद्माकर, तू त्याला चुकीचं सांगितलंस. काकासाहेब खोटं बोलला.

आता जे आहे ते ओळीने लिहितो.

राजीवजी तुला आठवतात. दिल्लीचे मसालेवाले, पंचवीस वर्षं आपल्याकडून हळद नेत. दिल्लीत मला घरी जेवायला बोलावणारा तोच एक माणूस. पाटावर बसवायचा, सांसदजी म्हणायचा, बायकामुलांना पाया पडायला लावायचा. त्याची गाझियाबादला हळद दळायची गिरणी आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात अन्न खात्याच्या माणसांनी तिथून नमुने नेले आणि गिरणीला सील ठोकलं. तिसऱ्या दिवशी तो मिठाई घेऊन क्वार्टरवर आला. म्हणाला, खात्याला एक पत्र द्या, हा माणूस माझ्या माहितीतला आहे, सचोटीचा आहे, सील उघडावं, एवढंच. नमुन्याचा निकाल यायला महिना लागेल, तोवर लग्नसराई निघून जाईल. खिशातून त्याने पुडीही काढली. बघा, आप तो हल्दी के राजा हैं.

मी पुडी उघडली. चिमूट तळहातावर घेऊन थेंबभर पाण्याने चोळली.

तू असतास तर लांबूनच नाक मुरडलं असतंस. रंग डोळ्यांत भरणारा आणि वास मेलेला. आपली हळद तळहाताला धरते, दोन दिवस निघत नाही. ही वाळूसारखी गळून गेली. मला कळलं, पद्माकर. साठ वर्षं मी दुसरं काय केलं? मला इंग्रजी कळत नाही, कायदा कळत नाही, सभागृहात काय चाललंय ते कळत नव्हतं. त्या दिवशी समोर आलेली ती एकच गोष्ट मला पूर्ण कळत होती.

मी काही बोलायच्या आत त्याने खांद्यावरचा पंचा काढून माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं धरली. आपल्या जुन्या यार्डातल्यासारखी. सरकारने रुमालाखालचे सौदे बंद केल्याला किती वर्षं झाली, पण दलालाने बोटं दाबली आणि आपण हात काढून घेतला नाही की सौदा पक्का, हे माझ्या हाडात आहे. इथे बोटांवर भाव नव्हता. तो म्हणाला, पुढच्या तिकिटासाठी तो वर शब्द टाकेल, त्याचे साडू त्या जागी आहेत.

मी हात काढून घेतला नाही. एवढाच माझा गुन्हा, असं मी कितीतरी महिने मनाला सांगत होतो. एवढाच नाही. पुढचाही आहे.

तो गेल्यावर मी निहारला मजकूर सांगितला. शब्द माझे होते, त्याने फक्त इंग्रजीत केले. तो म्हणाला, "काका, निकाल येऊ द्या ना. महिन्याचा तर प्रश्न आहे. मला हे बरोबर वाटत नाही."

मी त्याला म्हटलं, "तुझ्या बापाने मला पन्नास वर्षांत एकदाही प्रश्न विचारला नाही."

त्याने कोरं सही केलेलं लेटरहेड काढलं आणि छापलं. जावक नंबर घातला. तुझंच नाव घेऊन मी त्याचं तोंड बंद केलं.

सील निघालं. हळद बाजारात गेली. महिन्याने निकाल आला, रंगात शिसं होतं, पण तोवर माल निघून गेला होता. फुटक्या पुड्या गिरणीत कामगारांना फुकट देत असत, त्या मागच्या वस्तीत गेल्या. फेब्रुवारीपर्यंत तिथली सात मुलं दवाखान्यात होती, पोटदुखी, झटके. एक मुलगी गेली. सोनम नाव.

तिच्या वडिलांना मी भेटलो आहे. मार्चमध्ये पोलिसांनी जबाबाला बोलावलं तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसला होता. गिरणीत हमाल होता. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. जो येईल त्याला तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून मुलीचं लसीचं कार्ड काढून दाखवत होता. मलाही दाखवलं. म्हणाला, "बाबूजी, सब टीके लगवाए थे। एक भी नहीं छूटा।" हिंदीत लिहिलेलं होतं म्हणून मला वाचता आलं. नाव, वय सहा, आणि सगळ्या रकान्यांत तारखा. मी कार्ड परत दिलं.

मग आत जाऊन दोन वाक्यं बोललो. कौस्तुभ आणि वकील दोन्ही बाजूंना होते. पहिलं वाक्य, मी कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवत असे. दुसरं वाक्य, या पत्रात काय लिहिलं ते मला माहीत नव्हतं. तपासणीत निघालंच की सही आधीची आणि छपाई तिच्यावरून झालेली. माझं पहिलं वाक्य खरं ठरलं, म्हणून दुसरंही खरं धरलं. भेसळ अशीच असते. नव्वद भाग माल चांगला असतो, म्हणून उरलेला दहा भाग खपतो.

निहारला त्याच संध्याकाळी क्वार्टरवरून नेलं. तो चप्पल घालत होता आणि मी पेपर समोर धरून बसलो होतो. पेपर इंग्रजी होता.

तिकीट मला मिळालं नाही. राजीवजी आठ दिवसांत जामिनावर सुटला. निहार पाच महिने आत होता.

तू तेव्हा पेठेत चारचौघांत म्हणालास, मला मुलगा नाही. दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणालास, असं मला सांगितलं गेलं, आणि मग दुकान उघडून रोजच्यासारखा गादीवर बसलास, माझ्या दुकानाची अब्रू राहावी म्हणून. हे ऐकून मी इथे काय केलं सांगू? मला बरं वाटलं. सुटल्यासारखं. आता मला कुणी विचारणार नाही, असं वाटलं.

एकच माणूस विचारत होतं.

वहिनींनी यंदा जानेवारीत मला फोन केला होता. तुला माहीत नसेल, तू दुकानात होतास. आवाज फार खोल गेला होता. त्यांनी तब्येत विचारली, सुकन्याची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, "काकासाहेब, दुसऱ्या कुणाला विचारणार नाही. तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा. माझ्या निहारने ते केलं का हो?"

मी म्हटलं, वहिनी, तब्येतीला जपा.

त्या म्हणाल्या, बरं. दोन महिन्यांनी गेल्या.

म्हणून मला तुला दोन ओळी लिहिता आल्या नाहीत. काय लिहायचं होतं? देवाची इच्छा, असं?

गुरुवारी निघताना मी निहारला म्हटलं, नऊ तारखेला मी खरं सांगेन. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "काका, कोर्टात तुम्हाला जे जमेल ते बोला. तुमचं वय झालंय, मला माहीत आहे. फक्त बाबांना एकदा सांगा." मग मला धरून जिन्यावरून खाली आणलं, ऑटो थांबवला, ऑटोवाल्याशी भाड्यावरून घासाघीस केली. तुझ्यासारखीच, आवाज न चढवता.

घरी मी कौस्तुभला सांगितलं. तो माझ्यावर कधी ओरडत नाही, तेव्हाही ओरडला नाही. म्हणाला, "बाबा, जबाब फिरवलात तर खोटी साक्ष दिल्याची केस होईल. मूळ केसमध्येही तुम्हालाच घेतील. या वयात तिहारला जायचंय का? अर्णवला शाळेत काय सांगू मी?" सुकन्या उठून आत गेली. वकील म्हणतात, एवढंच बोला, सही कोरी होती, बाकी आठवत नाही. आठवत नाही म्हणायला कायद्याची मनाई नाही. जेवताना अर्णवने विचारलं, आजोबा, पनिशमेंट मिळाली का तुम्हाला? मी म्हटलं, अजून नाही.

मला भीती वाटते, पद्माकर. खोटं कशाला लिहू? तिथे खाली बसायचा संडास असेल, माझे गुडघे वाकत नाहीत. थंडीत गरम पाणी देतील का? रक्तदाबाची गोळी सकाळी साडेसातला लागते, कोण देणार? निहारने या चौकशा केल्या नसतील. तो पाच महिने तिथे होता आणि त्याला भूक लागली का, हे तिथे कुणीही विचारलं नसेल.

आणि माझा मला भरवसा नाही. नऊ तारखेला एका बाजूला कौस्तुभ असेल, समोर काळे कोट, आणि माझ्या तोंडून पुन्हा 'आठवत नाही' निघून जाईल. वहिनींच्या साध्या प्रश्नाला ज्याच्याने हो-नाही झालं नाही, त्याच्याने कोर्टात होईल हे कशावरून? म्हणून हे आधी लिहून तुझ्याकडे पाठवतो आहे. कोर्टात मी खरं बोललो तर हे पत्र जाळून टाक किंवा ठेव, तुझी मर्जी. मी फिरलो, तर हे निहारच्या वकिलाच्या हातात दे. त्यांचं नाव आणि नंबर पाठीमागे लिहिला आहे. माझी दया करू नकोस. जुनी मैत्री, मालक, दुकान, काही आड आणू नकोस.

सुरुवातीला लिहिलं की दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस. ते खोडायला हवं. कुणाकडूनही वाचून घे. दुकानाच्या त्याच पायरीवर उभं राहून मोठ्याने वाचलंस तरी चालेल. तिथे तू मुलाला नाही म्हणालास, तिथेच लोकांना कळू दे की का म्हणालास.

मला माफ कर, असं लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं, वर दिसत असेल. त्याऐवजी एवढंच मागतो. मला उत्तर नको. तुझं अक्षर असलेलं पाकीट माझ्या नावावर आलं नाही तर मी समजेन, रुमालाखालून तू हात काढून घेतलास, आणि तो तुझा हक्क आहे. पण निहारला दोन ओळी पाठव. फोन करायला धीर होत नसेल तर कार्ड टाक. नऊ तारखेच्या आधी मिळेल असं बघ, आजपासून वीसच दिवस आहेत आणि इकडे पोस्ट उशिरा पोचतं. काय लिहायचं सुचलं नाही तर नुसतं विचार, जेवलास का. तो आपणहून सांगत नाही. त्याचा पत्ताही पाठीमागे आहे, गल्लीचा नंबर मी स्वतः बघून आलो आहे, बरोबर आहे. उशीर करू नकोस, मी केला तसा.

पान संपत आलं. खाली जी जागा उरली आहे तिच्यावर मी तिरपी रेघ मारली आहे, तू वहीत मारायचास तशी, नंतर कुणी काही भरू नये म्हणून. वरचं सगळं माझ्या हाताने लिहिलं आहे, दोनदा वाचलं आहे, आणि सही सगळ्यात शेवटी करतो आहे.

काकासाहेब आप्पासाहेब शेटे